पाटचारीच्या पुलावर गाडी बंद करण्याबाबत

“गाडीना आवाज उना का तवा ठेवाना, कोकिळा. घरना माणूसले थंडी भाकर चालत नही.”

लग्नानंतरच्या दुसऱ्या सकाळी सासूबाई शोभाबाई मला हे म्हणाल्या. त्यात राग नव्हता. मिठाचा डबा कुठे ठेवलाय हे सांगावे, तसे त्यांनी सांगितले. त्यानंतर या घरात मी जे काही केले ते त्या वाक्याच्या आत राहून केले, म्हणून मृत्युपत्रही तिथूनच सुरू करते.

मी, कोकिळा नवनीत पाटील, वय ४७, धंदा केळीची रोपवाटिका, राहणार कळसाडी, तालुका शहादा, जिल्हा नंदुरबार, लिहून ठेवते की माझे शरीर आजारी आहे, डोके नाही. पोटातला आजार यकृतापर्यंत गेला आहे हे डॉ. रक्षा जैन यांनी मला आडपडदा न ठेवता सांगितले आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही, मला कोणी फूस लावलेली नाही आणि मी गुंगीत नाही. दुखण्याची गोळी मुद्दाम लिहून झाल्यावर घेणार आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकिलांनी कच्च्या मसुद्यात माझ्या नावाआधी ‘सौ.’ घातले होते, ते मी खोडले आहे. ‘हकिगत कमी करा, मिळकत लिहा,’ असेही ते म्हणाले. पण कोणाला काय का द्यायचे नाही, हे हकिगतीशिवाय सांगता येत नाही. म्हणून तो सल्ला मी घेतलेला नाही.

कलम १. राहते घर माझे पती नवनीत सुकलाल पाटील यांच्या नावावर आहे. त्यातले मला काही देता येत नाही आणि काही नकोही आहे. सध्या मी या घराच्या मागच्या खोलीत झोपून आहे. सासूबाईही याच खोलीत होत्या.

कलम २. शहादा रस्त्यालगतची रोपवाटिका, तिची जमीन, हिरव्या जाळीच्या दोन्ही शेड, ट्रे, पाण्याची मोटर आणि बँकेतील माझ्या एकटीच्या नावाची शिल्लक, हे सर्व माझी मुलगी काजल हिला द्यावे. ती जमीन मी माझ्या कमाईतून घेतली. ‘बाईमाणूसनी नर्सरी किती दिन चालनी?’ असे नवनीत यांनी तेव्हा ओट्यावर बसलेल्या चार माणसांना विचारले होते. ती माणसे आज रोपे आमच्याकडूनच नेतात. नवनीत यांना तो प्रश्न आठवत नसेल, म्हणून इथे नोंदवला.

कलम ३. लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल. ही नवनीत चालवतात आणि ती आपली आहे असे समजतात. कर्ज माझ्या रोपवाटिकेवर निघाले, हप्ते रोपवाटिकेतून गेले, आरसी बुकावर नाव माझे आहे. ही गाडीही काजलला द्यावी. तिला नको असेल तर तिने विकावी, मात्र नवनीत यांच्या मोटरसायकलवाल्यांच्या ग्रुपमधल्या कोणालाही विकू नये. गाडीवर सायलेन्सर कोणता राहील, ही अट पुढच्या कलमात आहे. तेच कलम या कागदात सर्वांत महत्त्वाचे आहे, त्यामुळे ते लांब झाले तर वाचणाऱ्याने कंटाळू नये.

कलम ४. दोन सायलेन्सर.

पहिला, सध्या गाडीवर असलेला. गाडी घेतली त्याच महिन्यात नवनीत यांनी कंपनीचा सायलेन्सर काढून कोणाला तरी देऊन टाकला आणि हा लावला. हा आतून जवळजवळ पोकळ आहे. पूर्वीच्या गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी यायचा, तेव्हा भाकरीची घाई व्हायची. याचा आवाज गावाबाहेर, कालव्याच्या पाटचारीवरच्या पुलावरूनच घरात येऊ लागला.

“तुलेच सोपं व्हयनं ना,” नवनीत म्हणाले. “पीठ मळाले टाइम भेटस.”

सासूबाईंना लकवा झाला त्या वर्षी गाडी नवीच होती. डावे अंग गेले, वाचा गेली. उजवा हात राहिला, पण तोही बहुतेक वेळ गोधडीवर निपचित पडलेला असे. एकदा पुलावर गाडी वाजली आणि तो हात उठला. तळवा गोधडीवर पडू लागला, उठे आणि पडे, थोडा फिरून पडे. त्या भाकर थापत होत्या. नवनीत दारात येईपर्यंत थापत राहिल्या, मग हात थांबला.

नवनीत यांनी तो थांबायच्या आत हलताना पाहिला आणि त्यांना आनंद झाला. “देख, मायना हात हाली ऱ्हायना! गाडी वळखस ती!” तेव्हापासून ते अंगणात गाडी उभी करून रेस करू लागले. भेटायला येणाऱ्यांना सांगत, “डॉक्टरना व्यायामपेक्षा हाई बरं.” लोक मान डोलवत.

मी एकदा म्हणाले, “माय खूश नही व्हत. माय घाई करी ऱ्हायनी.”

“तुले काय समजस? मन्ही माय शे.”

“मंग पुलवरच गाडी बंद करा नि पायी या.”

“मी काय चोर शे का, आपलाच घरमा गुपचूप येवाले?”

म्हणून मी दुसरा सायलेन्सर शोधायला लागले. कंपनीचा मूळ मागवायचा तर दुकानदाराने कधी येईल याचा भरवसा दिला नाही. काजल तेव्हा धुळ्याहून सुट्टीत आली होती. ती फोनवर एकेका सायलेन्सरचे व्हिडिओ लावी. फोनमध्ये सगळे सारखेच खोकतात. कंपन्या आवाजाचे आकडे छापतात, पण ते उभ्या गाडीचे. आमची गाडी तर पुलाचा चढ चढताना ओरडते. शेवटी आम्ही एक विकत घेतला, एक परत करता येईल असा मागवला आणि एक हिलाल मिस्त्रींनी गिऱ्हाइकाकडून मागून आणला. हिलालभाऊंचे गॅरेज शहाद्याच्या एसटी स्टँडमागे आहे.

“ताई, मन्हाकडे लोक आवाज वाढावाले येतस,” ते म्हणाले. “कमी कराले येनाऱ्या तुम्हीच पहिल्या. भाऊले ताप येयेल शे का?”

नवनीत एका लग्नासाठी ग्रुपमधल्या कोणाच्या तरी कारने सुरतेला गेले होते. ती दुपार आम्ही धरली. हिलालभाऊंनी अंगणात सायलेन्सर बदलायचा, गाडी पुलापलीकडे न्यायची आणि नवनीत येतात तशी आणायची. मी सासूबाईंच्या खाटेवर बसून त्यांच्या हाताकडे पाहायचे. दुसरे कोणतेही माप माझ्याजवळ नव्हते.

पहिला हिलालभाऊंच्या पसंतीचा. आखूड, देखणा, तोंडाशी आवाज दाबणारी जाळीची नळी बसवलेला. गाडी चढाला लागली आणि हात उठला. दुसरा लांब, आत काचेचा कापूस ठासलेला. आमच्या भागात कापूस कमी नाही, पण हा कापूस आवाज पितो म्हणतात. कानाला तो खरेच कमी होता. मला वाटले, जमले. पण जाड, खालचा आवाज उरला होता, तो भिंतीतून आणि खाटेच्या पायांतून आला. सासूबाईंच्या बोटांनी आधी गोधडी चाचपली, पीठ शोधावे तशी. मग तळवा पडला.

तिसरा सर्वांत कुरूप. जड, लांबुडका, आत कापसाऐवजी पत्र्याचे कप्पे. धूर एका कप्प्यातून दुसऱ्यात फिरून बाहेर येतो. हिलालभाऊंनी आधीच बजावले होते की याने पिकअप थोडा पडेल आणि सामानाची उजवी पेटी बोटभर वर घ्यावी लागेल, नाहीतर पोळेल. मी खाटेवर वाट पाहत बसले. सासूबाईंना झोप लागली होती. वाटले, गाडी पुलावर बंद पडली असेल. तेवढ्यात अंगणातून हाक आली.

“ताई, कव्हयना उभा शे मी! गाडी चालू शे का बंद, मालेच समजेना!”

सासूबाईंचा हात गोधडीवर उताणा पडला होता. बोटेसुद्धा हलली नव्हती. मी तो हात मांडीवर घेतला आणि बराच वेळ उठले नाही. काजलने हिलालभाऊंना पाणी दिले, चहा दिला. मी गेले नाही.

तो सायलेन्सर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास बसला. गाडी गरम होते आहे, जुना दुरुस्तीला टाकला आहे, असे आम्ही नवनीत यांना सांगितले. त्या दिवसांत सासूबाई दुपारभर झोपू लागल्या. नवनीत घरी यायचे ते दारात दिसल्यावरच कळायचे. मग तवा ठेवला जाई आणि त्यांना थांबावे लागे. ते चिडत. जग बुडाले नाही.

एकदा काजल मला मागे बसवून तोरणमाळला घेऊन गेली. त्या गाडीवर बसून मला माणसाचे बोलणे पहिल्यांदाच पुरते ऐकू आले. घाट चढून वर गेल्यावर तिने गाडी थांबवली आणि हसत म्हणाली, “मम्मी, तू केवढं बोलस व!” मला ते ठाऊक नव्हते.

मग ग्रुप जमला. “नवनीतभाऊ, गाडी शे का शिलाई मशीन?” असे कोणी तरी म्हणाले. नवनीत यांनी ते हसण्यावारी नेले असते कदाचित. पण सासूबाईंचा हात हलायचा थांबला आहे हेही त्यांच्या लक्षात आले होते. “मायनी तब्येत उतरी ऱ्हायनी, गाडीना आवाजच नही तिले,” असे म्हणून वटपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पोकळ सायलेन्सर परत बसवून आणला आणि गाडी रोपवाटिकेच्या शेडमध्ये ठेवली, सकाळी मायला आश्चर्याचा धक्का देण्यासाठी.

सकाळी मी गावाबाहेर वडाला दोरा गुंडाळत होते. कोणासाठी, ते लिहीत नाही. पुलावरून आवाज आला. दोरा तिथेच टाकून मी घराकडे पळाले.

सासूबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पडल्या होत्या. एका अंगाने त्या खाटेवरून उतरल्या होत्या आणि तिथवर आल्या होत्या. पिठाच्या डब्यापर्यंत पोचल्या नाहीत. खुब्याचे हाड मोडले होते. पोळ्याच्या आत त्या गेल्या.

आजही नवनीत आल्यागेल्याला सांगतात, “शेवटले माय उठनी! मन्हा आवाज ऐकीसन सोता उठनी!” ते खोटे बोलत नाहीत. त्यांना खरेच तसे वाटते. म्हणूनच मला त्यांना माफ करता येत नाही. खोटे बोलणाऱ्याला निदान खरे काय ते ठाऊक असते.

तरी माझी व्यवस्था अशी: कप्प्यांचा सायलेन्सर मी जुन्या लुगड्यात गुंडाळून रोपवाटिकेच्या कोठीत ठेवला आहे. लुगडे सासूबाईंचे आहे. गाडी काजलच्या ताब्यात येईल तेव्हा तो बसवावा, आणि तोच राहील. उजवी पेटी बोटभर वर घ्यायची हे विसरू नये. पोकळ सायलेन्सर नवनीत यांना द्यावा. तो वजनाला हलका आहे, कुठेही घेऊन जाता येईल.

कलम ५. लोखंडी तवा, काटवट आणि उलथने नवनीत यांना द्यावे. त्यांना भूक कधी लागते हे त्यांनाच आधी कळते, तेव्हा तवा त्यांच्याजवळ असणे सोयीचे. भाकर कशी थापायची ते कोणीही शिकवील. काजलने शिकवू नये.

कलम ६. सासूबाईंच्या अंत्ययात्रेत ग्रुपच्या लोकांनी गाड्या रेस करून सलामी दिली होती. मला सलामी नको. ज्यांना यायचे आहे त्यांनी एसटीने यावे.

कलम ७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात हे मला कळते. पण हे कलम तोवर थांबू शकत नाही, म्हणून सह्या झाल्या की याची प्रत आजच नवनीत यांच्या हातात दिली जाईल.

या आठवड्यात एका दुपारी मी पडून होते. पुलावर गाडी वाजली. थोड्या वेळाने माझे लक्ष गेले, तर माझा उजवा हात गोधडीवर थापत होता. मी तो थापायला घेतला नव्हता. डाव्या हाताने मी मनगट दाबून धरले तरी तळवा हलतच होता. नवनीत दारात उभे राहून पाहत होते. त्यांचा चेहरा उजळला. “देख, कोकिळाले बरं वाटी ऱ्हायनं!” ते काजलला हाक मारून म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते अंगणात पुन्हा गाडी रेस करू लागले आहेत. काजलने सायलेन्सर बदलायला पाना घेतला तर ते गाडीच घेऊन निघून गेले.

मला मरणाची भीती कमी आहे. भीती याची आहे की एखाद्या दुपारी मी उठेन. मी पाय खाली टाकेन आणि उंबऱ्यापर्यंत जाईन, आणि ते लोकांना सांगतील की कोकिळाही उठली होती. मला या खाटेवर पडल्या पडल्या जायचे आहे. कोणीतरी भुकेला आहे हे न कळता जायचे आहे.

म्हणून मागणी करते. ती आमच्या बोलीत लिहिते, म्हणजे कागदाची भाषा समजली नाही असे त्यांना म्हणता येणार नाही.

आते थोडाच दिन शेतस. पुलवरच गाडी बंद करा, नि घर पायी या.

ते नाही म्हणतील. काय म्हणतील तेही मी वर लिहिले आहे. तरीही मागते.

लिहून ठेवणार : कोकिळा नवनीत पाटील (सही)

साक्षीदार :
१. डॉ. रक्षा जैन, शहादा. सही करताना लिहून ठेवणार पूर्ण शुद्धीत होत्या. (सही)
२. हिलाल मिस्त्री, शहादा. साक्षीदार असल्याने यांना काही देता येत नाही, असे वकील म्हणाले. चहा दिला. (सही)

स्थळ : कळसाडी, मागची खोली
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५