बारा ते चार इंटरनेट बंद

दुसरबीड, ५ एप्रिल

चि. संजीवनीस,
अनेक उ. आशीर्वाद.

परवा फोनवरचं बोलणं अर्धंच राहिलं. आपल्या गल्लीत रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय येत नाही, आणि या वयात मी टाकीवर चढलो तर म्हाताऱ्याच्या मागण्या काय आहेत म्हणून तहसीलदार धावत येतील. म्हणून हे पाकीट संध्याकाळच्या पुण्याच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे देतो आहे.

तू इथून, घरून नोकरी करायची म्हणतेस, म्हणून इंटरनेटची चौकशी केली. तीन प्रकार आहेत. एक वायरीचं; पण गावात जेसीबी आला की त्याचा पहिला घास वायरीचाच असतो. दुसरं टॉवरचं, ते लग्नसराईत बसून जातं, कारण सगळे वरातीचे व्हिडिओ पाठवत असतात. तिसरं आकाशातलं. गच्चीवर एक पांढरा पाट बसवायचा, तो थेट उपग्रहाशी बोलतो म्हणे. मी बैल घेताना दात मोजतो. याचे दात कुठे पाहायचे ते कळव.

आई ठीक आहे. लोभ असावा, रेंज असो वा नसो.
तुझा,
बाबा

पुणे, ८ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट मिळालं. कृपा करून टाकीवर चढू नका. आकाशातलंच घेऊ. याचे दात माझी कंपनी मोजणार आहे. दवाखान्यांची बिलं तपासायचं काम माझं, ते मध्येच तुटून चालत नाही. म्हणून अट अशी, की सात दिवस सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा इंटरनेट चालू राहिलं पाहिजे. एक छोटी डबी पाठवते आहे. ती मशीनला लावली की किती वेळ बंद पडलं ते डबीवरही दिसतं आणि कंपनीलाही कळतं. त्या दिवसांत तुम्ही त्यावर भजनं लावायची नाहीत. नापास झालो तर जूनपासून मला रोज पुण्याच्या ऑफिसात बसावं लागेल आणि घरी येणं राहूनच जाईल.

एक विनंती. आईला कारण सांगू नका. संक्रांतीला ती जिन्यावरून पडली. तुम्ही दिवसभर शेतात बियाण्याच्या प्लॉटवर असता आणि ती घरात एकटी असते, हे मला इथे बसून सोसवत नाही. पण मी तिच्यासाठी येते आहे हे कळलं, तर ती दोरीवरच्या उड्या मारून दाखवेल.

आईला नमस्कार. माया कमी होऊ देऊ नये.
आपली,
संजू

दुसरबीड, १७ एप्रिल

चि. संजीवनीस,
अनेक उ. आशीर्वाद.

सोमवारी पाट बसला. तुझ्या आईने हळदकुंकू वाहिलं. नारळ त्याच्यावर फोडायचा नसतो, हे बसवणाऱ्या पोरांनी हात जोडून सांगितलं. शेजारच्या सोजराबाई येऊन पाहून गेल्या. एवढं वरून उतरतं तर संजूसाठी स्थळंही उतरतात का, असं त्यांनी विचारलं. मी चौकशी करतो म्हणालो.

आता काळजीची गोष्ट. प्लॉटवर प्रत्येक कामाची नोंद ठेवायची सवय, तशी इथेही डबीवर पाहून वही घातली. मंगळवारी दुपारी १२.१० ला बंद, ३.५५ ला चालू. बुधवारी बारा ते चार बंद. गुरुवारी तेच. बाकी सकाळ-संध्याकाळ घोड्यासारखं पळतं. मला वाटतं, उपग्रह जेवून आडवा होत असावा. रोज संध्याकाळी घरी आलो की वही तुझ्या आईला वाचून दाखवतो. ती भाकरी वाढते.

उपाय लवकर कळव. आमचा जीव वहीत अडकला आहे.
तुझा,
बाबा

पुणे, १९ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

उपग्रह झोपत नाहीत. मदत-केंद्राशी तासभर बोलले. ते म्हणतात, आकाशात सगळं ठीक आहे. पाटावर काहीतरी ओलं किंवा जाड येतं आहे. माकडं म्हणावं, तर माकडं बाराला कामावर येऊन चारला सुट्टी घेत नाहीत. दुपारी गच्चीवर कोण जातं, ते घरात विचारा.

चाचणीत आपण नापास झालो. मॅनेजरबाईंच्या हातापाया पडून पुन्हा सात दिवस मागून घेतले आहेत, सोमवार २७ पासून. ही शेवटची संधी. बाबा, मला घरी यायचं आहे.

आशीर्वाद असावा, आणि गच्चीवर लक्षही.
आपली,
संजू

दुसरबीड, २२ एप्रिल

चि. संजूले,
अनेक आशीर्वाद.

हे तुह्या बाबाले न सांगता लिहून राह्यली. पाकीटबी मीच गाडीवर नेऊन देईन.

पोतं मी टाकलं. पहिल्या दिवशी पापड वाळू घालाले वर गेली, त पाट असा तापला का हाताले चटका बसला. प्लॉटवरचं इंजिन तापलं का आपण ओलं पोतं टाकतो, तसं टाकलं आन् चारले काढलं. संध्याकाळी तुह्या बाबानं वही वाचली तवा उमगलं. दुसऱ्या दिवशी मात्र समजूनच टाकलं. तिसऱ्याबी.

काऊन ते ऐक. तुह्या बाबाच्या तोंडात तीळ भिजत नाही. तू माह्यासाठी येऊन राह्यली हे त्यायनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तुले पुण्याले शिकाले पाठवा म्हणून मी या घरात चार दिवस चूल पेटवली नव्हती. ते काय माह्या पायाची सेवा कराले? लोक म्हणतीन, मायनं पोरगी वापस ओढली. माह्या पायाची काळजी सोड. ओलं पोतं घेऊन रोज वीस पायऱ्या चढली, यातच समजून घे.

रागावू नको.
तुही,
आई

पुणे, २५ एप्रिल

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रडले. बाबांना उपग्रह झोपतो असंच वाटू दे. आणि ओलं पोतं घेऊन जिना चढतेस हे वाचून माझी काळजी कमी झाली नाही, दुप्पट झाली.

तू पाठवलंस म्हणून मी इथे आले, शिकले, नोकरी मिळवली. त्याला अकरा वर्षं झाली. आता कुठे राहायचं ते मीही ठरवू शकते ना? काम तेच राहणार आहे. नऊ ते सहा दार लावून बसेन, आणि मध्ये गप्पा मारायला आलीस तर बाहेर काढीन. पण तुझा फोन लागत नाही, तेव्हा तू पुन्हा पडलीस असंच मनात येतं आणि समोरचं बिल तीनदा वाचावं लागतं. शिवाय एकटीने जेवायचा मला वीट आला आहे. हे काही तुझ्या पायाचं दुखणं नाही, माझं आहे.

तरीही मी येऊ नये असं तुला वाटत असेल, तर सोमवारी पोतं टाक. मी बाबांना सांगणार नाही आणि तुला कधी विचारणारही नाही.

काय करशील ते कर, पण जिना जपून चढ.
तुझी,
संजू

दुसरबीड, ४ मे

चि. संजूले,
अनेक आशीर्वाद.

सात दिवस झाले. पोतं टाकलं नाही. गुरुवारी लय ऊन होतं, पाटाची कीव आली. बादली भरली बी होती, पण ते पाणी तुळशीले टाकलं. काल सांजीले तुह्या बाबानं वही वाचली, सातही दिवस कोरे. त्यायले वाटते का त्यायनं वहीत नोंद घेतली म्हणून उपग्रह सुधारला. मी हाव म्हटलं.

लोक काय म्हणतीन ते मी तुले उगाच लिहिलं. लोकायले काय करा लागते. खरं म्हणजे तुह्यापेक्षा मलेच तू पाहिजे होती. एवढ्या मोठ्या पोरीले ये म्हणाची लाज वाटली, म्हणून मी नको नको करत गेली.

आता म्हणून राह्यली. ये.
तुही,
आई