सात गाणी आणि मधली खरखर

रविवार, १ जून २०२५

आली एकदाची रॉयची फाइल! तीन आठवडे माझ्या या भावाच्या मागे लागले होते. "बाय, कॅसेटला बुरशी होती, वसईत साफ करणारा एकच माणूस," हे त्याचं रोजचं रडगाणं.

माझ्या लग्नातली गाणी, १९९४ ची. आमच्या मांडवात नवऱ्याकडच्या बायकांनी येऊन आईची टर उडवली होती, ती. बावन्न मिनिटांची एकच सलग फाइल. तेरा तारखेला, लग्नाच्या आदल्या दिवशी, माझ्या लेकाच्या, डॅरेलच्या मांडवात वाजवायची तर गाणी सुटी हवीत – बटण दाबलं की गाणं सुरू! इथे कॅनडात, मिल्टनमध्ये, तोंडाने म्हणणारं कोण आहे?

माझा नवरा कास्मिर म्हणतो, "डीजेला दे, तो करेल." कशाला? रोज सकाळी चाळीस स्कूल बस वेळेवर सोडते मी. गाणी सुटी करणं काय कठीण आहे?

सोमवार, २ जून

सॉफ्टवेअरला सांगितलं, आवाज थांबेल तिथे काप. त्याने केले एकशे त्रेचाळीस तुकडे! बायकांनी श्वास घेतला की नवीन गाणं. कास्मिर हसून हसून खोकायला लागला. हसू दे.

मंगळवार, ३ जून

जमलं! हातानेच कापली. गाणं संपलं की टाळ्या पडतात, कुणीतरी "पाणी आण गं" म्हणून ओरडतं – तिथे खूण करायची. सात गाणी निघाली.

एकच कटकट होती. दर कडव्यानंतर बारा-पंधरा सेकंद नुसती खरखर. दम घेत असतील बायका. मग काय, एवढ्या पातळीखालचा आवाज सगळा काढ आणि रिकामी जागा मिटव, असं सांगितलं. बावन्न मिनिटांची झाली एकोणतीस. आणि सासूबाईंचा आवाज काय खणखणीत! कास्मिर "मम्मी!" म्हणाला आणि वॉशरूममध्ये जाऊन बसला. चार वर्षं झाली त्यांना जाऊन.

मोठी फाइल डिलीट केली. लॅपटॉप आधीच भरलाय.

बुधवार, ४ जून

कामावर जाताना गाडीत ऐकली. तिसरं गाणं लागलं आणि मी गाडी बाजूला घेतली.

विहीणबाई, विहीणबाई, तुमचा मांडव केवढा?
आमच्या नवऱ्याच्या डोक्यावरच्या टोपीएवढा!

हे मला पाठ आहे. मी आतल्या खोलीत होते, मावशी केसांत पिना खुपसत होती, आणि खिडकीतून हेच येत होतं. सगळे खो-खो हसत होते. आई मात्र गप्प. एक शब्द नाही. तेव्हा वाटलं होतं, माझ्यासाठी तरी बोलायचं गं काहीतरी! तिला कधी विचारलं नाही. २०११ साली ती गेली. पण ते सलतंच. आजही सलतं, खोटं कशाला लिहू?

जाऊ दे. सातही गाणी विनिपेगला पाठवली, चित्राला – डॅरेलच्या होणाऱ्या बायकोच्या, अनुयाच्या आईला. मूळच्या नागपूरच्या आहेत, मराठी गाणी आवडतील. "ऐका, मजा येईल!" असंही लिहिलं.

शुक्रवार, ६ जून

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

शनिवार, ७ जून

चित्राचा फोन. आवाज बर्फ!

"शेरिल, गाणी ऐकली. आमच्या घराला नावं, भाताला नावं, मांडवाला नावं. अन् आमच्या बाजूनं कुणी हूं की चूं करत नाही. हे लावणार तुम्ही माझ्या पोरीसमोर? मग मी नाही येत बापा मांडवात. सरळ चर्चला येईन."

म्हटलं, अहो, आमची रीत आहे ती.

"रीत आमच्याकडेही आहे. विहिणी गाण्यात भांडतात, पण दोघी भांडतात. तुमच्यात मुलीच्या आईला तोंड नसतं का?"

नंतर बोलू म्हणून फोन ठेवला. मी तरी काय सांगणार होते? माझी आई गप्पच बसली होती.

संध्याकाळी डॅरेल आला. अनुया फोनवर रडत होती म्हणे. "मॉम, जस्ट कॅन्सल इट. प्लीज."

रविवार, ८ जून

मासची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या पार्किंगमधूनच रॉयला फोन लावला. विचारलंच शेवटी – आई का रे गप्प होती त्या दिवशी?

"गप्प? बाय, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? तुझ्या सासूने एक म्हणावं, आईने लगेच दुसरं. शेवटी सासूच थांबली! टेप मी वऱ्हाडाच्या बायकांपुढे ठेवला होता, आई पार मागे चुलीपाशी उभी, तुझ्या खिडकीपासूनही लांब. लहान येतो आवाज, पण आहे. त्यांच्या कडव्यांच्या मधे. ऐकलं नाहीस?"

मधे! मधलं सगळं तर मी उडवलं.

सांगावं लागलं की फाइलही डिलीट केली. तो शांतपणे म्हणाला, "पाठवतो परत. तुला ओळखतो, म्हणून ठेवली होती."

सोमवार, ९ जून

बेसमेंटमध्ये ड्रायरशेजारी बसले. हेडफोन, आवाज फुल. सासूबाईंचं टोपीचं कडवं संपलं. खरखर. आणि तिच्या मागून, लांबून – आई!

लहान मांडव म्हणता, बाई, वाकून का हो आलात?
आमच्या लेकीसाठी तुम्ही हात का हो जोडलात?

आमच्या लेकीसाठी! तेरा वेळा ऐकलं. सातही गाण्यांना उत्तर आहे, एकही सोडलेलं नाही. रडले, मोठ्याने रडले. आई गं, एकतीस वर्षं तुझ्यावर उगाच रुसून होते. आणि परवा तर मीच तुला खरखर म्हणून पुसून टाकलं, वर स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मंगळवार, १० जून

सुट्टी टाकली. आता घाई नाही, एका बटणाचं काम नाही. आईची कडवी एकेक करून वेगळी काढली, आवाज चढवला. खरखर राहू दिली. सासूबाईंची सात, आईची सात.

आईची सात चित्राला पाठवली. लिहिलं – "चूक माझी. तुमची बाजू मी कापली होती. ही घ्या. माझ्या आईचा आवाज आहे. तेराला स्पीकर नाही, तुम्ही आणि मी."

बुधवार, ११ जून

चित्राचा मेसेज: "पाठ करून राहिले आहे. सांभाळून, विहीणबाई!"

सांभाळून? मी? माझी सातही तोंडपाठ आहेत. बघतेच!

शनिवार, १४ जून. चर्चला निघायच्या आधी

काल हरले. तिसऱ्याच गाण्याला. चित्रा पदर खोचून पुढे आली आणि आईचे शब्द तिने माझ्याच तोंडावर फेकले. मला पुढचं कडवं आठवेना. डॅरेल ओरडला, "मॉम, यू गॉट रोस्टेड!"

अनुयाला मी माझ्यासारखं आत बसू दिलं नव्हतं. पहिल्या खुर्चीत बसवलं होतं. तिने तिच्या आईचा शब्दन्‌शब्द ऐकला.