शेवटच्या कडव्यातलं नाव

घाटनांदूर,
दि. ३ एप्रिल २०२५

आदरणीय आबा,
सप्रेम जय भीम.

मी खुशाल आहे. तुमच्या घशासाठी सतीशकाकांकडे ज्येष्ठमध दिला होता, मिळाला का? विद्यापीठाला सुट्टी नाही, तरी दोन दिवस सरू आत्याकडे आले आहे. तिचे गुडघे अजून दुखतात.

तुम्ही फोन उचलत नाही म्हणून हे पत्र. आठ दिवसांपूर्वी तुमच्या फोनवर सतीशकाकाच बोलले. ढोलकीइतकाच तुमचा निरोपही ते जोरात वाजवतात.

"आबा म्हनत्यात, चूक झाली म्हनून छाप, न्हाई तर चौदा एप्रिलला सिरसाळ्याच्या कार्यक्रमाला येऊ नको. पेपरवाली झालीस तर तिकडंच ऱ्हा."

चूक कोणती, ते मी आठ दिवस शोधते आहे. कुलूप लावून तीनदा ओढून बघणारी मी. मासिकातला पहिलाच लेख न तपासता देईन का? आपल्या गायन पार्टीचं सगळ्यात गाजलेलं गाणं तुमचं नाही, तुमच्या बहिणीचं आहे, हे लिहिण्याआधी मी जुनी कॅसेट चार वेळा ऐकली. शेवटच्या कडव्यात गाणं रचणाऱ्याचं नाव येतं, ही रीत तुम्हीच मला शिकवलीत. कॅसेटवर तुमच्याच आवाजात 'म्हणे सरूबाई' आहे. आता तुम्ही 'म्हणे शहादेव' गाता. दोन्ही नावं चालीत सारखीच बसतात, म्हणून कुणी अडखळलं नाही.

घरातलं बाहेर कशाला, असं तुम्ही म्हणाल. गाणं घरात राहिलंय कुठे, आबा?

आत्याला लेख वाचून दाखवला. ती आधी चिडली. "कावून लिवलीस गं? भावाचं नाव जातंय." मग चहा घेऊन जवळ बसली आणि म्हणाली, "माझं नाव कुठं हाय, बोट ठेवून दाखव." मी दाखवलं. तिने स्वतःचं बोट तिथे ठेवलं आणि चहा निवेपर्यंत उचललं नाही.

एक गोष्ट मात्र मी लेखातून गाळली. तुमच्या गाण्यांच्या वहीत आत्याचं नाव खोडून तुमचं लिहिलंय, ते अक्षर माझं आहे. शाळेत जायच्या आधी तुम्ही त्याच वहीवर मला गिरवायला शिकवलंत. मी नऊ वर्षांची असताना तुम्ही सांगितलंत, मी खोडलं, आणि अक्षर सुरेख आलं म्हणून तुम्ही पाठ थोपटलीत. ती थाप मला अजून हवीशी वाटते. म्हणून गाळली.

चूक झाली म्हणून छाप, म्हणालात ना? पुढच्या अंकासाठी ही चूक लिहून दिली आहे, माझ्या नावानिशी. दुसरी कुठलीही छापणार नाही.

चौदाला मी सिरसाळ्याला येणार. आत्याही सोबत आहे. आम्ही पहिल्या रांगेत बसू. शेवटच्या कडव्यात तुम्ही कोणतं नाव गायलंत, तेही मी लिहीन.

तुमच्याच वहीवर अक्षर शिकलेली,
पंचशीला