बाराशे बाय सहाशेचा आरसा

३ मे, रविवार
बाथरूममधलं नवीन बेसिन आणि त्याखालचं कपाट आज बसवून पूर्ण. एकट्याने. कोणाकडून एक अक्षरही न शिकता. गळती किरकोळ. (खाली वाटी ठेवली आहे.)
उरला फक्त वरचा आरसा. जुना कडांना काळा पडला होता, तो आजच भंगारात देऊन टाकला. परतीची वाट ठेवली की माणूस ढिला पडतो.
हिने विचारलं, नवा कधी? एकोणीस वर्षं इस्पितळात परिचारिका आहे, पंधरा जूनला मेट्रन म्हणून रुजू होणार. म्हणाली, अहो, माझं बाकी काही मागणं नाही. त्या दिवशी आपल्या घरात, आपल्या आरशात बघून बाहेर पडायचंय, बस. मी म्हटलं, पंधरा जून कशाला, पंधरा मे धर.
हिचा धाकटा भाऊ वरच्याच मजल्यावर राहतो. बाथरूमची कंत्राटं घेतो. जिन्यात भेटला. म्हणाला, भावोजी, आरसा ना? अर्ध्या तासाचं काम, नुसती हाक मारा. मी हसलो. अर्ध्या तासात होणाऱ्या कामाबद्दल मला मुळातच संशय आहे.

६ मे, बुधवार
अभ्यासाला सुरुवात. कारखान्याच्या स्टोअरमध्ये माझ्या पाठीमागे मला ‘मिलिमीटर’ म्हणतात. मला ठाऊक आहे. असा मान सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.
वहीत तीन स्तंभ आखले: काच, कड, पाठीमागचा लेप. संध्याकाळी चौथा आखला: इतर.

१० मे, रविवार
चार दुकानं. प्रत्येक आरशासमोर रेघांचा कागद धरून बघितला. काच चांगली असेल तर रेघा सरळ दिसतात. अकरापैकी नऊ आरशांत रेघा लचकत होत्या. चौथ्या दुकानदाराने विचारलं, साहेब, तोंड बघायचंय की नकाशा काढायचाय? या लोकांना आपल्याच धंद्याची गोडी नाही.

१५ मे, शुक्रवार
आज आरसा लागणार होता. पण मी वर्ष म्हटलं नव्हतं, असं मी हिला सांगितलं. ही हसली नाही.

१७ मे, रविवार
घरातल्या सगळ्यांची डोळ्यांची उंची घेतली. मी १६१२, मुलगी १५३०, ही १४१८. हिची तीनदा घ्यावी लागली, कारण ही रात्रपाळीवरून आली होती आणि भिंतीला टेकवल्यावर डोळे मिटत होते. सरासरी बरोब्बर १५२०. एक दशांशसुद्धा उरला नाही. अशा वेळी वाटतं, आपण योग्य मार्गावर आहोत.
मुलीने विचारलं, बाबा, या उंचीचं आपल्या घरात आहे कोण?
कॉलेजात गणित नीट शिकवत नाहीत.

२४ मे, रविवार
पुठ्ठ्याचा आरसा कापून भिंतीला चिकटवला. आठवडाभर वापरून मगच माप नक्की करायचं. सकाळी मुलगी त्यासमोर उभी राहून पाच मिनिटं केस विंचरत होती. म्हणाली, बाबा, यात मी जरा फिकट दिसते का?
ही केस विंचरायला भावाकडे वर जाते. मुलगी मोबाइलमध्ये बघते. मी दाढी अंदाजाने करतो. अंदाज उत्तम आहे. (दोन ठिकाणी पट्टी.)

२९ मे, शुक्रवार
कामावर जाण्याचा रस्ता बदलला. नेहमीच्या रस्त्यावर आता सहा दुकानदार दारात उभे राहून साहेब, साहेब करतात. नव्या रस्त्याने अकरा मिनिटं जास्त लागतात. निघण्याआधी दाराला कान लावून जिन्यात कोणी नाही ना ते बघतो. मेहुणा खाली उतरत असला की थांबतो. त्याची पावलं मला आता पाठ आहेत. घाबरतो असं नाही. वेळ वाचवतो.

७ जून, रविवार
निर्णय! नुसता आरसा नाही, आरशाचं कपाट. दाराला आरसा, आत तीन फळ्या. बाराशे बाय सहाशे, खोली एकशे चाळीस. म्हणजे तिघांनी एकाच वेळी शेजारी शेजारी उभं राहावं. ही म्हणाली, तिघांनी एकाच वेळी बाथरूममध्ये कशाला उभं राहायचं? व्यापक विचार एकदम पचत नाही.
मग हिने भांडी आवरता आवरता, माझ्याकडे न बघता सांगितलं: शनिवारपर्यंत घरात आरसा आला नाही तर मी भावाला सांगणार आहे. आवाज चढवला नाही. वॉर्डातही असंच बोलत असणार. पेशंट मुकाट्याने गोळी घेत असतील.
सातव्या दुकानात ऑर्डर दिली.

१३ जून, शनिवार, संध्याकाळ
कपाट आलं. अठरा किलो. हिने खोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, आलं का एकदाचं. मी म्हटलं, उद्या दुपारी लागलेलं असेल. हिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी काहीतरी चांगलं दिसलं.
मेहुणा जिन्यातून ओरडला, येऊ का हात लावायला? म्हटलं, नको. उद्या काम करताना बाथरूमचं दार लावूनच घेणार. सल्ला फटीतूनसुद्धा येतो.

१४ जून, रविवार
सकाळी ८.१० – कपाट आत नेलं. दार लावलं. मापं पुन्हा एकदा. सगळी मापं दार लावूनच घेतली आहेत, त्यामुळे चित्त विचलित झालेलं नाही.
१०.३० – डाव्या बाजूला खिडकी आडवी येते. कपाट उजवीकडे, दाराच्या बाजूला सरकवलं. तज्ज्ञाला असे निर्णय जागच्या जागी घ्यावे लागतात.
११.५० – आठ स्क्रू. वर कडक होणारं चिकटद्रव्य. स्क्रूंच्या डोक्यांतही तेच भरलं, म्हणजे पुढे कोणी माझ्या मागे उघडून बघायला नको.
१२.१५ – लागलं. पाणसळ लावून बघितली, बुडबुडा अगदी मधोमध. आयुष्यात इतकं सरळ काम मी क्वचितच बघितलं आहे.
१२.२० – सगळ्यांना दाखवायला दार उघडलं. दार आत उघडतं. ते उघडलं आणि कपाटाच्या कडेला टेकून थांबलं.
१२.२५ – फट ७१ मिलिमीटर.
१२.४० – परिस्थिती नियंत्रणात. ही फटीतून एका डोळ्याने बघत होती. विचारलं, अहो, बाहेर कसे येणार? म्हटलं, आधी कपाट कसं वाटतंय ते सांग. म्हणाली, मला इथून फक्त तुमचा कान दिसतो.
१.३० – जेवण आलं. पेला ६८, फट ७१. जातो. ताट जात नाही, म्हणून मुलगी एकेक घास कागदात गुंडाळून देते आहे. तिने विचारलं, बाबा, भेटीची वेळ किती वाजेपर्यंत? तिला रागावलो. मग आणखी एक घास मागितला.
२.१५ – ही म्हणते, फोडा तो आरसा. सहा आठवडे, सात दुकानं, आणि फोडा! शिवाय चिकटद्रव्याच्या नळीवर स्पष्ट लिहिलं आहे: चोवीस तास हलवू नये. सूचना न वाचणारी माणसंच अडचणीत सापडतात.
३.०० – खिडकीला गज आहेत. चांगल्या प्रतीचे. मीच बसवलेले.
३.४० – बाहेर हिच्या इस्त्रीचा आवाज येतो. उद्याची तयारी. मी विचारलं, फार राग आलाय का? म्हणाली, आंघोळ कुठे करायची याचा विचार करते आहे.
पाणसळ पुन्हा लावून बघितली. बुडबुडा मधोमध.
४.२० – जिन्यात पावलं. कोणाची ते सांगायला नको. म्हणजे हिने सांगितलंच.
४.२५ – मेहुण्याने फटीतून आत बघितलं. हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, भावोजी, स्क्रूड्रायव्हर आणि हातोडी आहे ना आत? म्हटलं, माझ्याकडे सगळं असतं. म्हणाला, मग दाराच्या बिजागऱ्या तुमच्याच बाजूला आहेत. खालून पिना ठोका, वर निघतील. दार सुटेल.
४.३१ – सहा मिनिटांत दार सुटलं. वास्तविक हा उपाय माझ्या लक्षात आलेलाच होता. बिजागऱ्यांना टेकूनच मी दुपारभर बसलो होतो. चिकटद्रव्य सुकेपर्यंत घाई करायची नव्हती, इतकंच.
५.०० – मेहुणा कपाटाकडे बराच वेळ बघत होता. म्हणाला, सरळ मात्र एकदम लागलंय, भावोजी. मग म्हणाला, दार आता बाहेर उघडणारं करावं लागेल, चौकट बदलून चार-पाच दिवस. हिने विचारलं, तोपर्यंत? तो म्हणाला, ताई, तोपर्यंत वर या.
मग दोघं वर गेली. मुलगी पण.

१५ जून, सोमवार
सकाळी सव्वाआठला बाथरूमच्या उघड्या चौकटीचं माप घेत होतो. दार नसल्यामुळे आरशात हॉल आणि थेट पुढचा दरवाजा दिसतो. हा फायदा आधी कोणाच्याच ध्यानात आला नव्हता.
ही वरून तयार होऊन आली. पर्स न्यायची होती. हिच्या इस्पितळात मेट्रनला गणवेश नसतो, त्यामुळे आज पहिल्यांदाच नवे कपडे घालून निघाली होती. पुढच्या दाराशी थांबून विचारलं, अहो, बरी दिसते का?
मी टेप धरली होती. आकडा डोक्यात होता. म्हटलं, एक मिनिट, आलोच. आकडा लिहिला, वर बघितलं. आरशात नुसता लावलेला दरवाजा.
तिथपासून आरशापर्यंत तीन मीटर वीस. अर्धं मिनिट तरी ती थांबली असावी.
कपडे कोणत्या रंगाचे होते, ते इथे लिहून ठेवायला बसलो. ती जागा कोरी सोडली आहे.