जागच्या जागी चालू

सोमवार, सकाळी

अहो,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत, तुम्हीही बरे असालच. असालच म्हणते, कारण काल फोनवर तुमचा आवाज तरी बरा वाटला.

तुमचे ते उंच मित्र सुट्टी संपवून परवा पुन्हा बंदरावर कामाला येतायत, त्यांच्या हाती हे पत्र देतेय. फोन असताना पत्र कशाला, असं आईंचं म्हणणं. मी म्हटलं, आयतं कोणी जातंय तर चार ओळी. आता स्वतः आईच टेबलापाशी भाजी निवडत बसल्यात आणि मला मजकूर सांगतायत. लिही, गुडघा बरा आहे. लिहिलं. लिही, औषध वेळेवर घेते. लिहिलं. लिही, एवढ्या उंच क्रेनवर बसतोस तर कान बांधून बस. क्रेनच्या केबिनला दार असतं, काचा असतात, हे मी सांगून पाहिलं. तरी लिहायचंच आहे. तर कान बांधून बसत जा.

लेकीला गणिताचा पेपर बरा गेला, असं ती म्हणते. तुमचा निळा स्वेटर तिने परस्पर ढापलाय आणि तो तिला आता फारसा मोठा होत नाही. नवी गाडी लाल घ्यायची की पांढरी, यावरून कालपासून आजी आणि नातीचं जुंपलंय.

माझं दुकान नेहमीसारखं. दिवसभर लोकांच्या नाकांवर चष्मे बसवते. समोर कोणी उभं राहिलं की चेहऱ्याआधी मला नाकच दिसतं. आज दुकान बंद, म्हणून गॅरेजवर जाऊन येते. काल तुम्ही सांगितलंत तसं, गाडी भंगारात काढा म्हणून सांगते आणि आतलं सामान घेऊन येते. बाकी विशेष काही नाही.

दुपारी, गॅरेजच्या आवारात

आता गाडीत बसून लिहितेय. कागद मांडीवर आहे, अक्षर वेडंवाकडं येईल, चालवून घे.

इथे मी तुला अहो म्हणणार नाही. या गाडीत कधी म्हटलंच नाही. घरात अहो-जाहो आणि दार लावून काच वर केली की अरे-तुरे, हे आपलं लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचं. दोन खोल्यांत एवढी माणसं, भिंतीला कान नव्हते तर खाटेला होते. तू जेवून उठलास की म्हणायचास, जरा टायरची हवा बघून येतो, आणि मी भांडी तशीच टाकून तुझ्या मागे. आपण कुठे जायचो नाही. फाटकाशी उभ्या गाडीत बसून बोलायचो. आई एकदा म्हणाल्या होत्या, एवढी हवा कुठल्या गाडीला लागते रे? तेव्हापासून त्यांना सगळं ठाऊक होतं असं मला वाटतं.

आपली सगळी भांडणं इथे झाली. लेक होणार हे तुला मी इथे सांगितलं. तुझे बाबा गेले तेव्हा तू घरात सगळ्यांना धीर देत होतास आणि तिसऱ्या दिवशी इथे स्टिअरिंगवर डोकं टेकून रडलास. तिकडच्या नोकरीचंही इथेच सांगितलंस. एकदाच जातो, घराचं भागवतो, येतो, म्हणालास. त्याची एकदा मुदत वाढली. आता परत वाढवायची म्हणतोस.

आधी काकांनी, म्हणजे गॅरेजवाल्यांनी, काय सांगितलं ते ऐक. काल फोनवर मी नीट सांगितलंच नाही, आई आणि लेक फोनला कान लावून बसलेल्या असताना मला काही बोलताच येत नाही.

तू जाताना बजावलं होतंस, रस्त्यावर काढू नकोस, कुणी तरी ठोकेल. दर रविवारी नुसती चालू कर, थोडा वेळ राहू दे, बंद कर. म्हणजे बॅटरी उतरणार नाही. मी एकही रविवार चुकवला नाही. अंगात ताप असताना शाल गुंडाळून गेले. गेल्या महिन्यात ती चालूच होईना म्हणून ओढून इथे आणली, तर काका खालून बाहेर येऊन मला विचारतात, ही नुसती उभ्या उभ्या चालू करून ठेवत होता का तुम्ही? मी अभिमानाने म्हटलं, हो, दर रविवारी. त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यानेच ती गेली. नीट तापायच्या आत बंद केली की सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, आतून गंज चढतो. चाकं फिरलीच नाहीत म्हणून ब्रेक धरून बसले, टायर एका अंगावर बसले. महिन्यातून एकदा गावाबाहेर चक्कर मारली असती तर ठणठणीत राहिली असती, म्हणाले. वर हसून म्हणतात, एवढ्या काळजीने मारलेली गाडी मी पहिल्यांदा बघतोय.

त्यांच्यासमोर मीही हसले. घरी आल्यावर मला काही सुचेना. तू सांगितलंस आणि मी केलं, दोघांचा हेतू चांगला, आणि दर रविवारी आपण तिला थोडी थोडी संपवत होतो.

आता तुला आणखी एक सांगते. चालू केल्यावर मी तुझ्या जागेवर बसत नव्हते. किल्ली फिरवली की उतरून, फिरून माझ्या बाजूला येऊन बसायचे. बोलायचेसुद्धा. आज दुकानात कोण आलं, आई काय बोलल्या, लेक कशी उलट उत्तर देते. मग बंद करून वर यायचे, तोवर तुझा फोन यायचा. कशी आहेस? बरी. पैसे पोचले? पोचले. बरं, आईला दे. झालं, आठवडा संपला.

मला तुझी फार आठवण येते रे. हे वाक्य फोनवर कधी बोलायचं, सांग. सासूबाईंसमोर बोलू, की लेकीसमोर?

काल तू म्हणालास, जुनी भंगारात द्या, मी अजून दोन वर्षं काढतो, येताना झकास नवी घेऊ. लेक नाचली. आई म्हणाल्या, सोन्यासारखा माझा मुलगा. मी म्हटलं, बरं. ते बरं मी परत घेतेय. त्यासाठीच हे पत्र आहे, चार ओळींसाठी नाही.

मला नवी गाडी नको. आईंनाही नको आहे. नाचणाऱ्या नातीकडे बघून त्या तेवढ्यापुरत्या हसल्या आणि फोन ठेवल्यावर न जेवता झोपल्या. त्यांचा गुडघा बरा नाही. जिना उतरणं बंद झालंय, मला पत्रात मात्र खोटं लिहायला लावतात. लेक दोन वर्षांनी तुझ्या खांद्याला लागेल आणि तेव्हा तिला बाबांबरोबर चक्कर मारायची हौस उरलेली नसेल.

आणि मी. मला अशी धास्ती वाटते की तुला आता तिकडचीच सवय झाली. तुझी खोली, तुझा डबा, तुझी शांतता. इथे आलास की चार दिवसांत तुला गर्दी होते, हे मागच्या सुट्टीत मी बघितलंय. तसं असेल तर तसं लिही. मला वाईट वाटेल, रडेन, पण समजून घेईन. फक्त आमच्यासाठी, गाडीसाठी राहतोय असं सांगू नकोस. तेवढं मला सहन होणार नाही.

इथे मध्ये थांबले होते. काका आले, खिडकीत वाकून विचारलं, "काय ठरलं वहिनी? भंगारवाला दारात आलाय, बोलावू का?"

मी सामानाची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. उतरायचं सोडून मी विचारलं, "दुरुस्त केली तर चालेल का?"

"चालेल. पण एवढा खर्च हिच्यावर कोणी शहाणा माणूस करणार नाही. आणि वेगात पळवू नका."

"पळवायची नाहीच. करा दुरुस्त."

त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं, मग भंगारवाल्याला हातानेच जा म्हणून सांगितलं. तो आपला टेम्पो वळवून गेला. मला एकदम हलकं वाटलं आणि लगेच मनात आलं, तू आता काय म्हणशील. म्हण काय म्हणायचं ते. आता नवी गाडी घ्यायची नाही, म्हणजे तिच्यासाठी थांबायचंही नाही. मुदत वाढवायचा कागद पुढे येईल तेव्हा सही करू नकोस.

काका पाना हातात घेऊन विचारत होते, गाडी कधीपर्यंत हवी. तुझी मुदत संपते तो आठवडा मी सांगितला. घाई कसली, म्हणाले. मी म्हटलं, आमचा माणूस येतोय, त्याला आणायला जायचंय.

तुला न विचारता सांगितलंय. मला खोटं पाडू नकोस.

तुझी