बारावी चिठ्ठी

३ ऑगस्ट, सोमवार

पोरांनी आज मला तिच्याच शब्दांत पकडलं!

मावशी वाचनालय सांभाळते; तिथला पोरांचा चारचा वर्ग तिने माझ्या गळ्यात मारलाय. "कॉलेज अर्ध्यावर सोडलंस, आता एखादं पुस्तक तरी पुरं कर." जूनपर्यंत हा वर्ग तिचा होता – मावशीचा नव्हे, पोरांच्या ताईचा. पद्धतही तिचीच. गोष्ट ऐन रंगात आली की पुस्तक मिटायचं आणि विचारायचं, पुढे काय होईल? प्रत्येकाने चिठ्ठीवर अंदाज लिहायचा. खाली खूण – काय वाचून तसं वाटलं ते. चिठ्ठ्या पाकिटात, पाकीट पुस्तकाच्या पाठीला. शेवटचं पान वाचल्याशिवाय फोडायचं नाही.

तिने अर्धी सोडलेली दीपगृहाची गोष्ट घेतली. बाप होडी घेऊन तेल आणायला गेलाय, मुलगी एकटी दिवा सांभाळतेय. मी म्हटलं, "बाप उद्या परत येणार, पैज!" पुढे बसणारी एक चष्मेवाली पोर मान तिरकी करून म्हणाली, "खूण दाखवा, दादा. ही नुसती इच्छा झाली."

तीच मान. तोच सूर. अंगावर काटा आला. अकरा तोंडांतून बोलते ती – माझ्याशी तेवढी बोलत नाही.

६ ऑगस्ट, गुरुवार

पुस्तकाच्या पाठीला तिचं जुनं पाकीट आहे, त्यात बारा चिठ्ठ्या! खिडकीशी धरून मोजल्या. पोरं अकरा. म्हणजे बारावी तिची!

मी पाकिटाला नख लावलं तर पोरांचा एकच गिल्ला – "नियम म्हणजे नियम!" माझं टाळकं सटकलं. पुस्तक टेबलावर आपटलं. सगळ्यात धाकटी, जिला सगळे टिचकी म्हणतात, ती टेबलाखाली शिरली ती वर्ग सुटेपर्यंत बाहेर आली नाही. मावशी दारातून म्हणाली, "डोकं आहे की शेगडी?"

बरोबर आहे. शेगडीच. त्या दिवशीही तेच केलं. वाचनालयाच्या पायऱ्यांवर तिला म्हटलं, लग्न करू. ती हसली. हसता हसता खोकली, मग खालीच बसली. मला वाटलं, टिंगल करते. म्हटलं, "जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस!"

तिने ऐकलं. भावाकडे गेली. म्हणे हवापालटाला.

गेले दोन महिने रोज संध्याकाळी सहाला फोन करतो. वाजून वाजून बंद होतो.

१० ऑगस्ट

उचलला! कोणी बोललं नाही. पण श्वास ऐकू आला. तीच! मी सहा मिनिटं एकटाच बोललो.

१३ ऑगस्ट, गुरुवार

आता रोज उचलते. मी वर्गात काय झालं ते सांगतो. टिचकी टेबलाखाली शिरली ते सांगितलं तेव्हा पलीकडे कोणीतरी नाकातून हसलं. मग नाक ओढल्याचा आवाज.

वर्गात आडून विचारलं – "एक माणूस फोन उचलतो, बोलत नाही, पण ठेवतही नाही. अंदाज?"

"रुसलाय!" सगळे ओरडले. मी खूश!

चष्मेवाली म्हणाली, "किंवा त्याला बोलताच येत नसेल. एकाच खुणेतून दोन अंदाज निघतात. ताई सांगायची."

"तू जास्त शहाणी आहेस," म्हटलं. नंतर लाज वाटली. मान खाली घालून चिठ्ठीवर होडी काढत बसली होती.

१७ ऑगस्ट

होडी सापडली. रिकामी. मी पान उलटायला वेळ लावला.

२० ऑगस्ट, गुरुवार

गोष्ट संपली. बाप येत नाही. मुलगी दिवा लावत राहते.

पाकीट टिचकीने फोडलं. मला वाटलं, होडीचे अंदाज असतील. पण त्यांच्या ताईने शेवटच्या दिवशी प्रश्नच दुसरा विचारला होता – "मी आता जाते. पुढे काय होईल?"

पोरांनी आपापली चिठ्ठी वाचली.

"ताई परत येणार नाही. खूण: पेन्सिलींचा डबा आम्हाला वाटून टाकला."

"ताई परत येणार नाही. खूण: आता ती बसूनच वाचते. मध्ये पाणी पिते."

"ताई येणार नाही. खूण: तिने मला जवळ घेतलं. कधी घेत नाही."

अकराच्या अकरा. मी विचारलं, "तुम्हाला कळलं होतं?"

चष्मेवाली हळूच म्हणाली, "तुम्हाला नव्हतं कळलं? तुम्ही तर दर सोमवारी पायऱ्यांवर असायचात."

बारावी मी वाचली. मनात.

"तो चिडेल. मला बोल लावेल. पण माझ्या जागी वाचायला तोच येईल. खूण: प्रत्येक सोमवारी पायऱ्यांवर बसून गोष्ट ऐकतो, आणि पोरांच्या आधी चुकीचा अंदाज पुटपुटतो."

चिठ्ठी खिशात. आज सहाला फोन केला नाही. हिंमत झाली नाही.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारीच फोन केला. भावाने उचलला.

ती गेली. जूनमध्येच – इथून गेल्यावर नवव्या दिवशी.

"कळवायला हवं होतं. तुमचा नंबर दिसायचा, धीर व्हायचा नाही," तो म्हणाला. "मग आईने फोन स्वतःकडे ठेवून घेतला. आता पावणेसहालाच खुर्ची ओढून बसते. काल तुम्ही केला नाहीत, तर जेवली नाही."

सहा वाजता केला. नेहमीसारखा श्वास. मी म्हटलं, "आई."

मग पहिल्यांदाच आवाज आला –

"टिचकी बाहेर आली का रे?"