विटांच्या कारखान्याची पंचाहत्तर वर्षं

३ नोव्हेंबर २०२५
योगेंद्रशेटनी बोलावलं होतं. कारखान्याला पंचाहत्तर वर्षं झाली — इतिहासाचं पुस्तक काढायचंय, आणि ते मी लिहायचं! "टाइम ऑफिसात हजेऱ्या सांभाळत चौतीस वर्षं काढली तुम्ही, धनंजयजी. तुमच्याइतकं कोणाला माहीत?" रिटायर होऊन तीन वर्षं झाली. इतक्या दिवसांनी कोणी 'जी' लावून बोललं. हो म्हणून आलो.

६ नोव्हेंबर
सुरुवात जमली. हिरालालशेट, म्हणजे योगेंद्रशेटचे आजोबा, कापसाचा धंदा सोडून पुलगावजवळ विटांची भट्टी टाकतात. घराच्या विटा नव्हेत — लोखंड वितळवायच्या भट्टीला आतून लावतात त्या. पहिला सगळा माल तडकला. शेटनी तो फोडून परत दळायला लावला. पुढे देशभर विटा गेल्या. वाचून मलाच बरं वाटलं.

१४ नोव्हेंबर
जुन्या कामगारांच्या आठवणी हव्यात म्हणून हजेरीपट काढला. दळण विभाग — पांढरा दगड दळून पीठ करतात तो — १९९० सालची एकोणीस नावं. चार दिवस पुलगाव, देवळी, आसपासची खेडी फिरलो. भेटले तीन. बाकीचे गेले, बहुतेक पन्नाशीच्या आत. घरोघरी तेच उत्तर — "टीबी होती", "दमा होता".
पॅकिंगमधले म्हातारे अजून बाजारात भेटतात.

१५ नोव्हेंबर
आज काही लिहिलं नाही.

१९ नोव्हेंबर
देवळीला विमलाबाईकडे गेलो. तिचा नवरा रूपराव दळणात होता. त्याला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. तिनं चहा दिला. "टीबीच्या गोळ्या दोन साल खाल्ल्या, काईच फरक नाई. आडवं होनं जमे नाई त्याले, बसूनच राहे." मग अगदी सहज म्हणाली, "तुमीच त त्याले भट्टीवरून दळणात टाकलं होतं ना, साहेब?"
हो. मीच. दळणात माणूस कमी होता, मॅनेजरनं विचारलं कोणाला पाठवू. रूपराव त्या आठवड्यात दोनदा उशिरा आला होता. मी त्याचं नाव दिलं.

२२ नोव्हेंबर
इथं तरी खरं लिहावं. १९९६ साली कारखान्याच्या डॉक्टरांनी पत्र दिलं होतं — दळणातल्या अकरा जणांना टीबी नाही, सिलिकोसिस आहे. दगडाची धूळ फुफ्फुसात बसली आहे. हा रोग बरा होत नाही. माणसं ताबडतोब हलवा. त्यात रूपरावचं नाव होतं. मॅनेजर म्हणाले, "फाइलला लावा." मी सही करून लावलं.
आज रेकॉर्ड रूममध्ये गेलो. शोधावं लागलं नाही. कपाट कोणतं ते इतकी वर्षं ठाऊक होतं.

१ डिसेंबर
एक प्रकरण लिहून नेलं. पत्र, अकरा नावं, माझं नावही. योगेंद्रशेटनी दोनदा वाचलं. "हे वडलांच्या वेळचं. आता कशाला उकरता? कार्यक्रमाला पाहुणे येणार." मी म्हणालो, मग पुस्तकावरून माझं नाव काढा. ते आवाज न चढवता बोलले, "पत्रावर सही तुमची आहे, धनंजयजी. लोक आधी तुम्हालाच विचारतील."
पानं घेऊन घरी आलो.

९ डिसेंबर
पुस्तक छापायला गेलं. त्या प्रकरणाशिवाय. मीच होकार दिला. गेलेली माणसं गेली — आता लिहून कोणाचं भलं होणार?

११ डिसेंबर
तरी राहवलं नाही. विमलाबाईला पत्राची झेरॉक्स नेऊन दिली, वाचून दाखवली. फाइलला मीच लावलं, हेही सांगितलं. ती कागद हातात धरून बसली. मग विचारलं, "हे पोरालेबी होते का, साहेब? माहा रोशन दोन सालापासून दळणातच हाये, ठेकेदाराकडून. दिवाळीपासून खोकून राह्यला."